पहिलटकरणी

माझी नोकरी माणसं कमी करण्याची आहे. कंपनीत त्याला जरा गोड नाव दिलेलं आहे, पण काम तेच. अंधेरीच्या ऑफिसात एका छोट्या खोलीत मी बसतो, टेबलावर पाण्याचा ग्लास आणि कागदी रुमालांचा डबा ठेवतो, आणि समोरच्याला सांगतो की तुमच्या कामात काही खोट नाही, पण. या 'पण'नंतरचं सगळं मला तोंडपाठ आहे. तेव्हा कोंबड्यांच्या प्रकरणात कोंबड्यांकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. त्या बिचाऱ्या चुकीच्या खात्याकडे आल्या होत्या.

वडील गेल्यावर आई गावी एकटी राहायची. एकदा विहिरीच्या कट्ट्यावरून घसरून पडली आणि शेजारीण पाण्याला येईपर्यंत तशीच पडून राहिली. मग मी जाऊन तिला भांडुपला घेऊन आलो. ती आली, पण आपली बॅग तिने उघडून लावलीच नाही. रोज पलंगाखालून ती ओढायची, साडी काढायची, धुतलेली साडी घडी करून परत त्यातच. कपाटाचा एक खण मी तिला रिकामा करून दिला. त्यात तिने कांदे ठेवले.

"अशी पाहुण्यासारखी किती दिवस राहणार आहेस?" मी विचारलं.

"माका हय मानवत नाय."

"मग काय केलं म्हणजे मानवेल?"

तिने बराच विचार केला. मला वाटलं देवळाजवळ घर मागते की काय. ती म्हणाली, "कोंबयो आण."

तिचा हिशेब साधा होता. "कोंबी नव्या जागेत अंडा घालता ना, तेव्हा समजायचा, जागा मानवली. मगे माणसाकय मानवता. तोपर्यंत माका ऱ्हवतंस काय म्हणान विचारू नको."

म्हणजे एक अंडं पडलं की आई राहिली. आयुष्यात इतकी स्वस्त अट मला कोणी घातली नव्हती. मी त्याच रविवारी बाजाराच्या टोकाला गावठी कोंबड्यांचे पिंजरे घेऊन बसणाऱ्याकडून तीन तलंगा आणल्या. तलंग म्हणजे वयात आलेली पण अजून एकही अंडं न घातलेली कोंबडी. हा शब्दही मला आईनेच शिकवला. मी आपला त्याला "तीन छोट्या द्या" म्हणालो होतो.

आम्ही तळमजल्यावर राहतो. स्वयंपाकघराचं मागचं दार इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधल्या बोळकांडीत उघडतं. आईने तिथे जाळी बांधली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघालाच. सेक्रेटरी बरोबर आमच्या डोक्यावर पहिल्या मजल्यावर राहतात, दुपारी झोपतात, आणि ती झोप त्यांनी निवृत्तीनंतर कमावलेली एकमेव मालमत्ता आहे. मी उभा राहिलो आणि ऑफिसातल्या आवाजात सांगितलं, "ओरडतो तो कोंबडा. या तिन्ही माद्या आहेत. तोंडातून शब्द काढणार नाहीत, माझी गॅरंटी." सभागृहातल्या सगळ्या बायकांनी एकाच वेळी माझ्या बायकोकडे पाहिलं. बायकोने जमिनीकडे पाहिलं. ठराव पास झाला.

पुढचे दोन-तीन महिने माझी गॅरंटी टिकली. तलंगा दिवसभर माती उकरायच्या, आईच्या शिव्या खायच्या आणि गप्प असायच्या. आईचं त्यांच्यावर प्रेम वगैरे काही नव्हतं. रोज सकाळी ती एकेकीला काखोटीला मारायची, शेपटाखाली दोन बोटं लावून हाडांमधली फट बघायची आणि "अजून येळ असा" म्हणून खाली टाकून द्यायची. मी ऑफिसला निघताना विचारायचो, "काही?" ती मान हलवायची. घरात कोणी परीक्षेला बसावं तशी मी वाट बघत होतो.

एका सकाळी तिने बोटं लावली आणि काही बोलली नाही. वेताची एक जुनी टोपली आणून तिच्यात भुसा भरला, अंड्याचं एक रिकामं कवच त्यात ठेवलं आणि टोपली कोपऱ्यात सरकवली. त्याच दुपारी बोरिवलीहून ताईचा फोन आला. ताईच्या मुलीचे दिवस भरत आले होते, घरात जाणतं माणूस हवं होतं. आई बॅग घेऊन बोरिवलीला गेली. जाताना मला म्हणाली, "दाणे घाल. पाणी बदल. जास्त शाणपणा करू नको."

दुसऱ्या दिवशी टोपलीला मुंग्या लागल्या म्हणून मी ती उचलून गच्चीवर नेऊन ठेवली. यात शहाणपणा कुठे आला, ते मला तेव्हा कळलं नाही.

त्यानंतर ओरडा सुरू झाला.

आधी नुसती कुरकूर. म्हातारा माणूस जिना चढताना पायरीपायरीला कण्हतो तशी. मग ती चढत जायची, कॉक, कॉक, कॉक, आणि शेवटच्या पायरीवर कोणीतरी ढकलून दिल्यासारखी किंकाळी. तांबडी तलंग बोळकांडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होती, प्रत्येक कोपऱ्यात डोकं घालत होती, पाईपमागे, बादलीमागे, मोडक्या खुर्चीखाली, आणि बाहेर येऊन पुन्हा बोंब. तिला काहीतरी हरवल्यासारखं झालं होतं. दुसऱ्या दोघी तिच्यामागून कोरस धरत होत्या.

दुपारी सेक्रेटरींनी बेल वाजवली. मी त्या दिवशी घरूनच काम करत होतो. त्यांचे केस झोपेने एका बाजूला चपटे झालेले होते.

"शब्द काढणार नव्हत्या ना?"

"आज काहीतरी बिनसलंय त्यांचं."

"माझंही बिनसलंय. शनिवारपर्यंत बघा. नाहीतर तिघींना बाहेर काढा, मी मीटिंग बोलावतो. आणि या वेळी तुम्ही भाषण करू नका."

तिघी गेल्या की अंडं गेलं, अंडं गेलं की आई गेली. मी ताईला फोन लावला. आईला विचारायचं होतं की हे काय आहे. ताई कुजबुजत म्हणाली, "पोरीला कळा सुरू झाल्यात, आई तिच्यापाशी आहे. काय अर्जंट आहे का?" मागून कोणीतरी जोरात विव्हळलं. भाची कळा देत असताना माझी कोंबडी ओरडते म्हणून आईला बाहेर बोलवायला माझी जीभ रेटेना. "काही नाही, सहज," मी म्हणालो.

तेवढ्यात भिंतीवरून मामांचं डोकं आलं. मामा म्हणजे नात्याने कोणी नाहीत. भिंतीपलीकडच्या चाळीत राहतात, पूर्वी गिरणीत होते, आमच्या शेजारच्या गावचे. भिंतीला लावलेल्या पिंपावर उभे राहून ते आमच्याकडे बघत असतात.

"झिला, आयकलंस?" ते खालच्या आवाजात म्हणाले.

"ऐकतोच आहे, मामा. सगळी सोसायटी ऐकतेय."

"तसा नाय. ह्यां ओरडणा नाय. कोंबी आरवता."

मी कपाळाला हात लावला. कोंबडी कोंबड्यासारखी आरवली की घराला वाईट, हे मी लहानपणी ऐकलं होतं. मी शिकलेला आहे, असलं काही मानत नाही. तरी विचारलं, "म्हणजे काय होतं?"

"घरातल्या मोठ्या माणसाचा काय तरी." त्यांनी बाकीचं वाक्य गिळलं. घरातलं मोठं माणूस एकच होतं, आणि ते एकदा विहिरीपाशी पडून झालेलं होतं. "असली कोंबी त्याच दिवशी कापूची. आणि ता मटाण घरच्यांनी खाऊचा नाय. भायेरच्याक देवचा."

"बाहेरचा आता कुठून आणू? मामा, तुम्ही खाल?"

"माका कसला चालता," मामा म्हणाले, आणि मग थोडं थांबून, "आता तू एवढा म्हणतंस तर बघतंय."

मी बसून विचार केला. आमच्या धंद्यात एक गोष्ट पक्की असते. सगळा विभाग कुरकुर करायला लागला की सगळ्यांना काढायचं नसतं. सगळ्यात मोठ्याने बोलणाऱ्या एकाला खोलीत बोलवायचं. बाकीचे आपोआप कामाला लागतात. मी हे अनेकदा केलेलं आहे आणि दर वेळी लागू पडलेलं आहे. तांबडी गेली की अपशकुन गेला, सेक्रेटरींची झोप वाचली, आणि उरलेल्या दोघी शांतपणे अंडी घालायला मोकळ्या. एका दगडात इतके पक्षी मारल्याचं समाधान मला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

तांबडीला पिशवीत घालून मी चिकन सेंटरवर नेलं. वाटेत ती एकदम गप्प झाली. पिशवीतून तिचं अंग हाताला लागत होतं, तापल्यासारखं गरम आणि खालून टणक. मला वाटलं, चांगली भरलीय. दुकानदाराने तिला उलटी धरली तेव्हा मी रस्त्यापलीकडे झेरॉक्सच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. ऑफिसातही माझं असंच आहे. पत्र मी देतो, टेबल आवरताना बघायला थांबत नाही. मटणाची पिशवी बांधून आली, ती न उघडता मी भिंतीवरून मामांच्या हाती दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी करडी ओरडायला लागली. तीच कुरकूर, तीच धावपळ, तीच किंकाळी. वर सेक्रेटरींची खिडकी धाडकन लागली.

मामांचं डोकं हजर होतं. चेहऱ्यावर रात्रीच्या जेवणाची तकतकी होती. "हिका तिची संगत लागली," ते म्हणाले. "असाच पसरता ह्यां."

मी करडीलाही नेलं. आता तर मला रस्ताही पाठ झाला होता. बायको ऑफिसला निघताना दारात थांबून म्हणाली, "तू आईंना विचारलंस का?"

"ती दवाखान्यात आहे."

"मग थांब ना त्या येईपर्यंत."

"शनिवार आहे उद्या," मी म्हणालो. ती सँडलचा पट्टा लावत म्हणाली, "तुझ्याकडे कोंबडी असणं म्हणजे तुझ्या कंपनीत नोकरीला असणं आहे." मला ते तेव्हा कौतुकासारखं वाटलं.

शनिवारी सकाळी उरलेली काळी बोंबलली. मी पिशवी घेऊन मागे गेलो तेव्हा ती कुठे दिसेना. नुसता आवाज येत होता, आणि या वेळी त्याची तऱ्हा वेगळी होती. घाबरलेला नव्हता. भांडण जिंकून आल्यासारखा होता. शेवटी ती गॅसच्या रिकाम्या सिलिंडरमागून बाहेर आली. तिथे लादी पुसायचं फडकं पडलेलं होतं आणि फडक्यावर एक अंडं. लिंबापेक्षा जरा मोठं, एका बाजूने रक्ताची बारीक रेघ. हात लावला तर गरम होतं.

मी तिथेच फरशीवर बसलो. आनंद झाला, हे खरं आहे. जागा मानवली होती. दोन कोंबड्यांचं काय झालं ते मला समजलं होतं, पण ते मी थोडा वेळ बाजूला ठेवलं. मला त्याचा सराव आहे.

आई संध्याकाळी पेढे घेऊन आली. भाचीला मुलगी झाली होती. आईचे डोळे जागरणाने आत गेले होते, पण चालण्यात जोर होता. मी अंडं वाटीत घालून तिच्यासमोर धरलं.

"बघ. आजच घातलं. आता तू राहायचंस."

तिने अंडं घेतलं, रेघ बघितली, कानाशी हलवलं. तिचं तोंड हसायला आलं होतं, मी पाहिलं. मग ती मागच्या दारात गेली.

"बाकीच्यो खंय?"

मी तिला खुर्ची दिली. पाण्याचा ग्लास दिला. आणि सगळं क्रमाने सांगितलं, सेक्रेटरी, शनिवार, आरवणं, मामा. पाणी तिने घेतलं नाही.

"आरवली?" ती म्हणाली. "कशी आरवली? करून दाखव."

"म्हणजे?"

"आवाज काड."

पन्नाशी उलटलेला मी स्वयंपाकघरात उभा राहिलो आणि कॉक, कॉक केलं.

"मोठ्यान."

मी मोठ्याने केलं. शेवटची किंकाळीही मारली. बायको बाहेरच्या खोलीतून येऊन दारात उभी राहिली. वर सेक्रेटरींची खिडकी उघडल्याचा आवाज झाला. आईने शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं.

"ह्यां आरवणा नाय," ती म्हणाली. "ह्यो कळा. पयलटकरीण ती. पोटात काय चालला हा, तिका तरी खंय ठावक? जागा शोधता, गावली नाय की बोंबलता. घातल्यावर परत बोंबलता, बघा मी काय केलंय म्हणान. एक बोंबलली की दुसऱ्योय तिच्याबरोबर बोंबलतत, ती एकटी पडा नये म्हणान. आठ-दहा दिवस चालता. मगे सवय होता. गप घालतत नि चालाक लागतत." तिने कोपऱ्याकडे बघितलं. "टोपली खंय?"

"गच्चीवर."

"कित्याक?"

"मुंग्या लागल्या होत्या."

"काल रातभर तुझी भाची बोंबलत होती," ती म्हणाली. "सगळो वॉर्ड जागो केल्यान. पण तिका कोणी चिकन सेंटरात नेली नाय."

"तू मला आधी सांगायला हवं होतंस ना."

"सांगूचा काय त्यात? कोंबी अंड्यार इली की ओरडता, ह्यां माणसाक सांगूक लागता?"

मग ती मागे गेली आणि भिंतीपलीकडे हाक मारली. मामांचं डोकं वर आलं.

"कशी होती ओ कोंबी?" आईने अगदी गोड आवाजात विचारलं.

"काय सांगू वैनी," मामा खुलले, "आत नुसती गाभोळी. एक तर कवचासकट तयार अंडा. असली चव गाव सोडल्यापासून..." इथे त्यांनी आईचा चेहरा पाहिला. डोकं हळूहळू भिंतीखाली गेलं, पिंप जरा वाजलं.

"त्याका पयल्यापासून ठावक होता," आई मला म्हणाली. "गावाकय असोच. दुसऱ्याच्या तलंगांवर डोळो." तिच्या आवाजात मामांबद्दल राग नव्हता. मामांनी निदान कोंबडी ओळखली होती.

काळी एव्हाना बोळकांडीच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि हळूहळू कॉक, कॉक करत होती. उत्तर देणारं कोणी नव्हतं.

"ही आहे ना अजून," मी म्हणालो. "हिने घातलं. तू म्हणाली होतीस, अंडं घातलं की जागा मानवली."

"एकटी कोंबी ऱ्हवत नाय."

"दाणे आहेत, पाणी आहे. काय कमी आहे तिला?"

"दाण्याचा काय घेऊन बसलंस. तुमी दोघा सकाळी जातास ती रातीक येतास. ती दिवसभर भिंतीक बघान बोंबलतली, आणि वरचो तो माणूस खिडकी आपटतलो." हे बोलताना ती कोंबडीकडेच बघत होती. बायको माझ्याकडे बघत होती.

"मी आणखी दोन आणतो. उद्याच आणतो."

"नको. तुझ्या हाताक लागलेल्यो माका नको." तिने पदर खोचला आणि विळी मागितली. "चल. पाय धर."

"मी? दुकानात नेतो ना."

"धर म्हणतंय ना."

मी पाय धरले. या वेळी रस्ता ओलांडून उभं राहायला जागा नव्हती. पाय पिवळे होते, बारीक, आणि त्यांच्यात माझ्या अपेक्षेपेक्षा खूप जोर होता. आईने एका हाताने डोकं धरलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि मान विळीवरून ओढली. तिला एक क्षणही लागला नाही. जोर मात्र पायांतून लगेच गेला नाही. "सोडू नको," ती म्हणाली, "ऱ्हव." मी राहिलो. पहिल्यांदाच मी एखादं काम शेवटापर्यंत उभं राहून पाहिलं, आणि सांगतो, त्याने माणूस सुधारत वगैरे नाही. शर्टाची बाही तेवढी खराब होते.

तिने पिसं काढली, गॅसवर अंग भाजलं, खोबरं-कांद्याचं वाटप केलं. पोट साफ करताना मला जवळ बोलावलं नाही. वास जिन्यातून वर गेला असणार, कारण सेक्रेटरी खाली आले. आईने त्यांना वाटीभर रस्सा दिला. वाटी घासून परत आली, निरोपासकट: आता बिल्डिंग कशी शांत वाटते. बायको जेवायला बसली नाही, तिचं डोकं दुखत होतं. आईने तिला जवळ बोलावून काहीतरी विचारलं, आणि ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली.

मी पाटावर बसलो. आईने आधी भात वाढला, मग रस्सा. मग डावाने भांड्याच्या तळाशी शोधून एकेक पिवळा गोळा काढला आणि माझ्या ताटात कडेने मांडत गेली. पहिला चांगला लिंबाएवढा होता. त्यापुढचा सुपारीएवढा, मग वाटाण्याएवढा. त्यांच्यामागे मोहरीसारख्या बारीक पिवळ्या दाण्यांचा एक झुबका.

"ह्यां उद्याचा," ती पहिल्यावर डाव टेकवत म्हणाली. "ह्यां परवाचा. ह्यां तेरवाचा."

"आणि हे बारीक?"

"ती मी गेल्यावरची." तिने डाव भांड्यात ठेवला. "सूनबाई उद्याची गाडी बघता हा. खा, निवतला."

मी खाल्लं. उद्याचं आधी खाल्लं, मग परवाचं. मामा खोटं बोलले नव्हते.

"रस्सो वाढू?" तिने विचारलं.

मी वाढ म्हणालो.